लोणा लागलेले घर

सकाळी सहाच्या सुमारास आमच्या गल्लीत उजेड प्रथम समोरच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीवर उतरतो. टाकीची काळी पाठ आधी निळसर होते, मग जांभळट, मग कुणी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी तशी तकतकीत. तिथून तो केबलच्या तारांवर येतो, तारांवरून शेवग्याच्या वाळक्या शेंगांवर, आणि बराच वेळ तिथेच रेंगाळतो. पुढे यावे की नाही याचा त्याला निर्णय करता येत नसावा. मग आपले लक्ष नसताना तो ओसरीत आलेला असतो. लोखंडी जाळीचे चौकोन शहाबादी फरशीवर आधी लांबट पडतात आणि हळूहळू आखूड होत जातात. त्यांत धुळीचे कण वरखाली होतात. दूधवाल्याची मोटारसायकल जाते, कुणाच्या तरी कुकरची पहिली शिट्टी होते, आणि उजेड एकेक फरशी ओलांडत बैठकीच्या खोलीचा उंबरा चढतो, आतल्या भिंतीच्या पायथ्याशी पोचतो.

तिथे मात्र तो कुणाची भीड ठेवत नाही. त्या तिरप्या उजेडात भिंतीवरचा प्रत्येक फोड आपली स्वतंत्र सावली टाकतो. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत रंग फुगून सुटलेला, त्याखाली गिलावा भुसभुशीत, आणि त्यावर पांढरा, केसाळ लोणा. भिंतीच्या पोटातला क्षार बाहेर येतो आणि येताना भिंतीला खात येतो, त्याला आमच्याकडे लोणा म्हणतात. हात लावला की पिठासारखा गळतो. मे महिन्यातल्या त्या सोमवारी मी रिकाम्या घरात सतरंजीवर पडून त्याच्याकडे पाहत होतो, आणि माझ्या मनात एकच गोष्ट ठसठसत होती: येत्या रविवारी एक परका माणूस इथे येईल, ही भिंत पाहील आणि माझ्या वडिलांच्या घराला नाव ठेवील.

मी स्वभावाने भांडणारा नाही. पुण्याला एका मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करतो. तिथे दिवसभरात माझ्या तोंडून दहा वाक्येही निघत नाहीत. पण न बोलणाऱ्या माणसाचा राग बोलून संपत नाही. तो आत साठतो, आणि साठलेल्या गोष्टींचे पुढे काय होते हे ती भिंत मला रोज सकाळी दाखवत होती.

बापू जाऊन दोन वर्षे झाली होती. त्यांचे नाव कडूबा. आमच्या कुळात मेंढरे सोडून शहरात आलेले ते पहिले. पाटबंधारे खात्यात चौकीदाराची नोकरी करत त्यांनी एकोणनव्वद साली पुंडलिकनगरात हे तीन खोल्यांचे घर बांधले. आई त्यांच्याआधीच गेली होती. मागे राहिलो मी आणि माझ्याहून दहा वर्षांनी मोठी द्वारकाअक्का. ती दौलताबादला दिलेली. घराला गिऱ्हाईक तिनेच शोधले आणि फोनवर मला नुसते कळवले.

“खुलताबादकडचा म्हातारा हाये, केरबा नावाचा. आपल्यातलाच. रईवारी येतोय. घर जसं हाये तसं दाखवायचं.”

“निदान पुढच्या खोलीला गिलावा करून घेऊ, अक्का. रंग देऊ. अशा अवस्थेत कसं दाखवायचं?”

“एक घमेलंभर सिमेंट लावायचं नाय. बाजारात बैल इकताना खोड सांगून इकत्यात. झाकून इकला तर आठ दिसांत बैल अन् मालक दोघंबी दारात उभे ऱ्हात्यात.”

“घर म्हणजे बैल नाही.”

“नाय ना. बैल निदान चालतो,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्या एका वाक्याने मला पुण्याहून इथे आणले. रात्रभराच्या प्रवासात मी तिला उत्तरे देत होतो, आणि प्रत्येक उत्तर आधीच्याहून तिखट होते. बापूंनी ज्या घरासाठी आयुष्य घातले ते या बाईला लंगड्या बैलासारखे वाटते! ती सासरी गेली. भिंतीला टेकून अभ्यास केला तो मी. ती चार सणांना पाहुणी म्हणून येणार, आणि घराची लाज चव्हाट्यावर मांडायचा अधिकारही तिचाच? माझ्या हाती आठवड्याची रजा होती. मी ठरवले, रविवारी केरबा येईल तेव्हा त्याला बापूंचे घर दिसेल, त्याचा आजार दिसणार नाही.

फकिरा गवंडी त्याच दुपारी आला. बापूंच्या काळापासून आमचे सगळे काम तोच करी. दारात चपला काढून तो भिंतीपुढे उकिडवा बसला आणि कपाळावर हात मारून घेतला.

“पुन्हा हीच का भाऊ? तुमच्या बापानं माझ्याकडून हिला तीनदा गिलावा करून घेतला. मी चौथ्यांदाबी करतो, मला काय, माझी रोजी पडते. पर ही बया माझं ऐकत नाय.”

“शेजारच्या नालीचं पाणी झिरपतं,” मी म्हणालो. “तात्यासाहेबांची नाली भिंतीला लागून आहे.”

फकिराने माझ्याकडे पाहिले, काहीतरी म्हणायला तोंड उघडले आणि मग तंबाखूच मळायला घेतली. “असंल. शिकलेल्याला जास्त कळतं.”

त्या वाक्यातही मला टोमणा दिसला. त्या आठवड्यात मला सगळीकडे टोमणेच दिसत होते.

तो गिलावा खरवडू लागला, तशी खोली पांढऱ्या धुळीने भरून गेली. आतल्या विटा उघड्या पडल्या. त्यांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. बापू दर उन्हाळ्यात याच भिंतीसमोर गोणपाट अंथरून बसत, नारळाच्या शेंडीने लोणा झाडत, पाण्याने पुसत, चुना लावत. त्यांच्या बोटांची सालपटे निघत, आणि तरी ते गुणगुणत असत. मेंढराच्या अंगावरची लोकर कातरताना जी एक लय हातांत येते, तीच त्यांच्या हातांत तेव्हा असे.

हे घर त्यांनी नुसते बांधले नव्हते, पेरले होते. आमचे मूळ गाव खुलताबादच्या डोंगरापलीकडे. अठ्ठेचाळीस सालच्या पोलिस ॲक्शननंतर आजोबा डोंगरातून परतले ते अकरा मेंढरे घेऊन, आणि गावाबाहेरच्या एका माळावर त्यांनी वाघूर लावली. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती ताणायची दोरीची जाळी. पुढे चाळीस वर्षे कळप तिथेच बसत आला. आमच्यात म्हणतात, मेंढरू बसते तिथे लक्ष्मी बसते. शेतकरी आपल्या वावरात कळप बसवण्यासाठी हात जोडून बोलावणे धाडतात, ते उगाच नाही. घराचे जोते उभे राहिले तेव्हा आत भराव कशाचा घालायचा हा प्रश्न आला. मिस्त्री म्हणाला, मुरूम. बापू हसले म्हणे. गावी गेले आणि त्या मेंढवाड्याची काळी, भुरभुरीत माती सहा ट्रॉल्या भरून घेऊन आले. शेवटच्या ट्रॉलीवर नऊ वर्षांची अक्का बसली होती. माती जोत्यात ओतताना बापूंनी तिला भंडारा वाहिला, नारळ फोडला आणि चारही कोपऱ्यांत स्वतःच्या पायांनी ती तुडवली. माझ्या जन्माआधीची ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की त्या मातीचा वास मला आठवतो असे मला वाटते.

असे घर माणसे जसे आहे तसे विकायला निघाली होती!

बुधवारी पहिला थर झाला, शुक्रवारी पुट्टी. मी ओसरीत उभा राहून डबे उघडत होतो तेव्हा कंपाउंडपलीकडून आवाज आला.

“काय सोनाजी, रंगरंगोटी चाललीये?”

तात्यासाहेब होते. निवृत्त मास्तर, अंगात बनियन, हातात पाण्याची नळी. नऊ वर्षांपूर्वी बापू त्यांच्याशी या नालीवरून भांडले होते. आयुष्यात ज्यांनी मेंढराशिवाय कुणावर आवाज चढवला नाही ते बापू त्या दिवशी गल्लीच्या मधोमध उभे राहून ओरडले होते. त्यानंतर दोन्ही घरांत बोलणे नाही. तात्यासाहेबांच्या मुलाच्या लग्नाला आम्ही गेलो नाही. बापू गेले तेव्हा हे गृहस्थ फाटकापर्यंत आले, आणि मी त्यांच्याकडे पाठ फिरवली. तिरडी उचलली गेली तेव्हा ते फाटकाबाहेरच उभे होते.

“रंगरंगोटी नाही,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “तुमच्या नालीने खाल्लेलं घर सारवतोय.”

त्यांच्या हातातली नळी वाहतच राहिली.

“नाली? अरे, नाली तर मी तुझे बापू होते तेव्हाच बुजवली. सात वर्षं झाली. सांडपाणी रस्त्याच्या बाजूनं काढलं. ये की, बघून जा.”

“मला बघायचं नाही.”

“बघ बाबा. दोन पावलांवर तर हाये.”

मी घरात आलो आणि दार लावून घेतले. सात वर्षे! खोटारडा म्हातारा. आता घर विकले जाणार म्हणताच याला सभ्यपणा सुचला. मी डब्यात ब्रश बुडवला आणि ओल्या पुट्टीवरच रंग ओढायला लागलो. फकिरा “आवो, वाळू द्या, वाळू द्या” म्हणत राहिला, पण मी थांबलो नाही. फिकट पिवळा रंग होता. शनिवारी संध्याकाळी भिंत गुळगुळीत, कोरी, एखाद्या नव्या शाळेसारखी दिसू लागली. मी तिच्यापुढे बसून राहिलो. मला अभिमान वाटायला हवा होता. राग तेवढा होता तसाच होता. त्याला टेकायला आता भिंत उरली नव्हती, इतकेच.

रविवारी केरबा दहा वाजता आले. पासष्टीचे, उंच, खांद्यावर घोंगडी टाकलेले, मे महिन्यातही. अक्का त्यांना घेऊन फाटकातून आत आली. उंबऱ्यावर येताच म्हातारा थबकला आणि मिशीत हसला.

“आगं, ही तर नवरीवानी सजवलीये. तू तर म्हनली होतीस, पडकं हाये म्हनून.”

अक्का भिंतीकडे पाहत होती. तिचा चेहरा क्षणाक्षणाला आवळत गेला.

“कुनी केलं हे?”

“मी,” मी म्हणालो.

“तुला नाय म्हनलं होतं ना?”

“बापूंच्या घराची अशी विटंबना मी करू देणार नाही. तुला घाई आहे, मला नाही.”

“इटंबना?” ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की ओसरीतल्या चिमण्या उडाल्या. “म्हातारा मेंढरं इकून नातवंडांसाठी घर घेतोय, अन् तू त्याला पावडर लावलेली भिंत दावतोस? पाऊस पडला की उघडी पडंल तवा कुनाच्या नावानं शिव्या देतील रं? माझ्या न्हाय, तुझ्या न्हाय. कडूबाच्या!”

फकिराची थापी कोपऱ्यातच पडली होती. तिने ती उचलली, पदर खोचला आणि सरळ भिंतीवर घातली. पहिल्या घावाला नुसती रेघ उमटली, दुसऱ्याला पुट्टीचे कवच सुटले, तिसऱ्याला हातभर गिलावा ओलाकच्चा खाली आला. मी तिचा हात धरला. तिने हिसडा दिला. मी पुन्हा धरला. आम्ही दोघे त्या परक्या माणसासमोर लहान मुलांसारखे झोंबत होतो, आणि मला तिला ढकलून द्यावेसे वाटत होते. हे मी लिहितो, कारण ते खरे आहे.

“सोड की रं लेका, बहीन हाये ती,” केरबा शांतपणे म्हणाले. “अन् तू बी सोड गं बाई. भिंत माझी झाली न्हाय आजून, माझ्या आधी पाडू नगंस.”

अक्काला हसू आले आणि त्याच वेळी रडूही. मी बाजूला झालो.

केरबा पुढे वाकले. उघड्या पडलेल्या विटेच्या सांधीत जुना लोणा शिल्लक होता. त्यांनी तो नखाने कोरला, चिमटीत धरला आणि जिभेवर ठेवला. डोळे मिटून काही वेळ तोंड हलवत राहिले, जशी मेंढरे खडेमिठाच्या दगडापाशी उभी राहतात तसे. मग डोळे उघडले.

“नालीचा लोणा नुसता खारट लागतो. ह्यो जिभंला गार लागतोय.” त्यांनी पायाने फरशी ठोकली. “हिच्याखाली काय भरलंय?”

“आमच्या मेंढवाड्याची माती,” अक्का डोळे पुसत म्हणाली. “मीच तर बसून आले होते ट्रॉलीत. लक्ष्मीची माती म्हनून बापूनं आनली.”

म्हातारा फरशीवर मांडी घालून बसला. त्याने दोन्ही हात कपाळाला लावले. ते हसणे होते की नमस्कार, कळेना.

“आरं देवा. आमचा आजा सांगायचा, निजामाच्या टायमाला बारुदीसाठी सोरा लागायचा, तो मेंढवाड्याच्या मातीतून काढायचे. चाळीस वर्साचं मूत मुरलेलं असतं तिच्यात. पाऊस आला की खालून वर चढतंय, भिंतीतून भाईर निघतंय. शंभरदा गिलावा कर, काय बी व्हत न्हाय. कडूबानं बारुदीवर घर बांधलं.” मग त्यांनी मान हलवली. “त्याला तरी काय बोलावं? मीबी हेच केलं असतं. आपल्यातल्या कुनीबी हेच केलं असतं.”

कुणी दोष दिला असता तर मला सहन झाले असते. त्या मऊ आवाजाने मी पेटलो.

“तुम्हांला नको असेल तर जा! उगाच बापूंची अक्कल काढू नका.”

“नगं कोन म्हनलं? घेतो की. ठरल्या बोलीनं घेतो, जसं हाये तसं. भिंती पाडीन, समदी माती उकरून माझ्या वावरात नेईन. आसलं खत आता कुठं मिळतंय? खाली मुरूम भरीन अन् वर बांधीन. दिवाळीला नातवंडं राहायला येतील.”

“माझ्या वडिलांचं घर खत म्हणून विकायचं नाही!”

“मंग काय म्हनून इकायचं?” अक्का माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या केसांत, भुवयांवर पुट्टी बसली होती. “दर उन्हाळ्याला बापू भिंत घासायचे. हात सोलायचे त्यांचे. तुला मातीचंच शिकवलं ना रं त्यांनी? पोटाला चिमटा घेऊन शिकवलं. ह्या म्हाताऱ्याला जिभंवर कळलं ते तुला कवाच कळलं नाय?”

“नाही,” मी म्हणालो.

मग तिने थापी खाली ठेवली, ओसरीत गेली आणि कंपाउंडवरून हाक मारली, “तात्यासाहेब! आवो काका! सौद्याच्या कागदावर साक्षीदार पायजे. या जरा.”

तात्यासाहेब आले. अंगात धुतलेला सदरा होता. फाटकाशी क्षणभर थांबले, माझ्याकडे पाहिले, आणि मी पाठ फिरवली नाही म्हणून आत आले. नऊ वर्षांनी ते आमच्या फरशीवर बसत होते. गिलाव्याचे ढेकूळ त्यांनी हाताने सारले आणि जागा करून घेतली. अक्काने चहा केला. केरबांनी अंगठा शाईत बुडवला. आता अडून बसायला मला तोंड नव्हते; मी सही केली. “घर पाहून, आहे त्या स्थितीत” असे शब्द कागदावर होते, आणि ते अक्काने दोनदा मोठ्याने वाचून घेतले.

सही करून तात्यासाहेबांनी पेनाला टोपण लावले. भिंतीकडे पाहत, कुणालाच उद्देशून नाही असे ते बोलले.

“कडूबा आपणहून भांडणारा माणूस नव्हता. मला नेहमी वाटायचं, नालीचं त्याच्या डोक्यात भरवलं तरी कुणी? मी नाली बुजवली, त्याला दाखवायला हाका मारल्या, तरी माझ्या तोंडाकडं बघायला तयार नाही. म्हणायचा, माझ्या पोरानं तपासलंय, माझं पोरगं खोटं बोलत नाही.”

अक्काने कपबशी खाली ठेवली. केरबा घोंगडी सारखी करत होते, ते थांबले. तिघेही माझ्याकडे पाहत होते, आणि आठवडाभरात पहिल्यांदा मला रागवायला कुणीच उरले नव्हते. गोणपाटावर बसलेल्या बापूंनी मान वर करून, हातातली नारळाची शेंडी तशीच धरून, मला विचारले होते, “काय निघालं रं?” आणि मी शेजारच्या घराकडे बोट केले होते.

“मीच सांगितलं होतं,” मी म्हणालो.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी मी फरशीखालची माती डब्यात भरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली होती. बापूंनी जिला भंडारा वाहिला होता त्या मातीतच क्षार होता, आणि हे मला बापू जिवंत असतानाच माहीत होते.